उसना बोया

"आजी, हा पिवळा बोया पाणीवाल्यांचा ना?" त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला धक्क्याच्या पायऱ्यांवर विचारलं, तेव्हा त्यांच्याच होडीचं ताडपत्रीचं पांघरूण माझ्या मांडीवर होतं आणि दाभण कापडात अर्धा गेलेला होता. "नाही म्हणजे, त्यांनीच सांगितलंय, आम्ही बाहेर गेलो की तुम्ही खुशाल बांधत जा म्हणून. फार भला माणूस आहे हो." मी म्हटलं, "फार." आणि दाभण पुढे ढकलला, तो कापडातून निघून थेट माझ्या तळव्यात. रक्त आलं नाही. माझ्या हाताची कातडी आता ताडपत्रीच्या वर गेली आहे, तिच्यातून रक्त यायलाही वेळ लागतो. बाई आपल्या पांढऱ्या, खेळण्यासारख्या होडीकडे कौतुकानं बघत उभ्या होत्या. मी टाके घालत राहिले. पुढचा सगळा काठ वाकडा शिवला गेला, तो तसाच त्यांना दिला, आणि त्यांना कळलाही नाही. शिकलेल्या माणसाला शिवण कळत नाही. त्यांच्या होडीवरच्या पांघरुणाचा वाकडा काठ आजही मला खिडकीतून दिसतो, आणि दिसला की त्या दिवशीचं ते "फार" माझ्या जिभेवर परत येतं, कडू.

बोया माझा आहे. हे एवढं वाक्य बोलायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती, कारण बंदरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, जसं भिंत कुठे आहे ते ठाऊक असतं. ज्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता, त्यांच्यासाठी सांगते. वर तरंगतो तो नुसता पिंप. खरी गोष्ट खाली असते. खाली वजन, वजनाला साखळी, साखळीच्या टोकाला हा पिंप, आणि पिंपाच्या कडीला होडी. वजन जेवढं भारी तेवढी होडी निर्धास्त. आमचं वजन म्हणजे बंद पडलेल्या गिरणीचं लोखंडी चाक. माझ्या नवऱ्यानं ते कुठून पैदा केलं ते त्यालाच माहीत, विचारायची सोय नव्हती. माझ्या लग्नाला तेव्हा महिना झाला नसेल. चाक होडीत आडवं घातलं, पण ते एका अंगाला कलायला लागलं, मधोमध वजन हवं होतं. ते वजन म्हणजे मी. मला हाताला धरून चाकावर बसवलं आणि म्हणाला, "हलू नकोस." नव्या साडीला गंज लागला. लाटा अडवणाऱ्या बंदराच्या भिंतीच्या आत, जिथे वारा पोचत नाही आणि ओहोटीलाही होडी टेकत नाही, अशा जागी त्यानं मला उठवलं आणि तिघांनी मिळून चाक लोटलं. मोठा आवाज होईल म्हणून मी कान झाकले होते. आवाज झालाच नाही. पाण्यानं ते नुसतं आत घेतलं. मग साखळी धावली, तिनं त्याच्या नडगीची साल काढली, आणि थांबली. त्या माणसानं आयुष्यात ठेवलेली एवढी एकच वस्तू ठेवल्या जागी राहिली. ते चाक खाली जाताना पाहिलेलं माणूस आता मी एकटी उरले आहे. बाकीचे तिघेही गेले, तेही असेच, फारसा आवाज न करता.

नवरा गेला, त्याची होडी त्याच्या दारूच्या उधारीत गेली, बोया राहिला. बंदराच्या कचेरीतला कारकून दर वर्षी म्हणायचा, "आजी, घोडा नाही आणि तबेल्याचं भाडं कशाला भरता? सोडून द्या की." मी म्हणायची, "तुला टक्कल पडलं तरी कंगवा ठेवतोस ना खिशात?" सगळी कचेरी हसायची आणि तो पावती फाडायचा. बोयाचं भाडं होडीच्या लांबीवर असतं, जी सगळ्यात लांब होडी तिथे बांधली जाते तिच्या लांबीवर. शिवाय पाणबुड्याला खाली पाठवून साखळीच्या झिजलेल्या कड्या बदलून घ्यायच्या, तो खर्च वेगळा, आणि पाणबुडे सोनारासारखे, कधी काय झिजलं म्हणतील ते आपण खाली जाऊन बघू शकत नाही. हे सगळं मी ताडपत्र्या शिवून भरलं. जावयाच्या गोडं पाणी पोचवणाऱ्या लांबलचक होडीचं भाडंसुद्धा मीच भरलं. त्यानं पैसे पुढे केले होते, पहिल्याच वर्षी. मी हात मागे घेतला. पैसे घेतले की भाडेकरू होतो, आणि भाडेकरूला हक्क असतो. उसनं घेणाऱ्याला हक्क नसतो, त्याला फक्त रीत असते. मला रीत हवी होती.

आणि रीत काय, तर फार नाही. दुसऱ्याच्या बोयाला बांधायचं तर आपला दोर वापरायचा, मालकाचा नाही. होडीवर माणूस ठेवायचं, नाहीतर आपण कुठे सापडू ते सांगून जायचं. मालकाची होडी येताना दिसली की सांगायला न लावता सोडायचं, तोंड वाकडं न करता. मालक तोंडानं 'ऊठ' म्हणत नाही, म्हणायची पाळी आली तर दोघांचीही अब्रू गेली. उसनी जागा तिसऱ्याला द्यायची नाही, हे तर सांगायचीही गरज नाही, बायको दुसऱ्याला देऊ नये हे कुणी सांगतं का? आणि वाऱ्याचे महिने संपून नवा मोसम सुरू झाला की मालकाच्या दारात यायचं, पायरीखाली उभं राहायचं, आणि विचारायचं, "बांधू का?" ज्यानं नीट विचारलं त्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याकडे मग बंदरात कुणी मान वर करून पाहत नाही. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असतं. मग विचारायचं कशाला, असं माझा मुलगा विचारतो. तो गावातल्या एका कचेरीत काम करतो, पंख्याखाली, त्याला ठरलेल्या उत्तराची किंमत कळत नाही. अरे, ठरलेलं असतं म्हणूनच विचारायचं. न ठरलेलं काय, भिकारीही विचारतो.

जावई पहिल्यांदा आला तेव्हा जावई नव्हता. बाहेर उभ्या जहाजांना गोडं पाणी पोचवायची एक जुनी होडी त्यानं नुकती घेतली होती, आणि ती टाकीमुळे एवढी जड की उथळात बांधायची सोय नव्हती. दुपारची वेळ, ऊन असं की धक्क्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. तो पायरीखाली उभा राहिला. मी मुद्दाम हातातल्या ताडपत्रीचा काठ संपेपर्यंत वर पाहिलं नाही. तो खाकरला नाही, पाय बदलले नाहीत, घाम पुसला नाही. मग मी पाहिलं, आणि तो म्हणाला, "आई, जागा तुमची आहे. मोसमभर बांधू का?" तोवर मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. खरंच सांगते. बापानं लग्न ठरवलं, तेव्हा सांगितलं. नवऱ्यानं चाकावर बसवलं, तेव्हा सांगितलं. मुलानं नोकरी धरली, मुलगी पसंत केली, बैठकीच्या खोलीला निळा रंग काढला, सगळं सांगितलं, नंतर. आणि हा परका पोरगा उन्हात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, माझ्या तोंडातून काय पडतं याच्याकडे. माझ्या छातीत काहीतरी साखळीसारखं धावलं आणि थांबलं. मी म्हटलं, "बांध." आत माझी मुलगी दाराआड उभी होती, तिनं काय ऐकलं कोण जाणे. वर्षाच्या आत तिनं त्याच्याशी लग्न केलं, आणि बायका म्हणाल्या, बोया दिला आणि वर लेकही दिली. म्हणू देत. तो जावई झाल्यावरही दर मोसमाला पायरीखाली येऊन विचारत राहिला. मी 'तुम्ही'वर आले एवढाच फरक. "बांधा, जावईबापू," मी म्हणायची, आणि ते म्हणता यावं म्हणून वर्षभर ताडपत्र्या शिवायची.

या मोसमाला तो आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं काम असेल. मग वाटलं तापबीप असेल. मग खिडकीतून होडी बांधलेली दिसली, आणि बोया लाल होता तो पिवळा झालेला दिसला, त्याच्या टाकीसारखा पिवळा. मी मनाला सांगितलं, रंगवून दिलाय, आता सांगायला येईल, तेव्हाच विचारेल. मनाला काय, काहीही सांगता येतं. लेक येऊन गेली, चार गप्पा मारून गेली, तिच्या तोंडून 'बोया' हा शब्द निघाला नाही आणि मी काढला नाही. मी रोज दुपारी काम घेऊन दारात बसत होते, ऊन डोळ्यांवर येत होतं, सून म्हणायची, "आई, आत बसा की, पंखा आहे." तिला काय सांगू की मी पायरी राखत बसलेय. आणि मग ती डॉक्टरीणबाई, आणि तो भला माणूस.

त्या संध्याकाळी मुलगा बूट काढत असताना मी विचारलं, "आपला बोया कुणाचा रे?"

"म्हणजे?"

"मराठीच बोलतेय."

तो हसला. "आपलाच की. का गं? हां, आपला पाणीवाला जावई माझ्या कचेरीत आला होता मागे. एवढा ताठ उभा राहिला टेबलासमोर, मला वाटलं नोकरी मागतोय की काय. बोया बांधू का म्हणाला. मी म्हटलं, अहो त्यात विचारायचं काय, तुमचाच समजा."

"तुझ्याकडे का आला?"

"आता बाबांच्या मागे मीच नाही का? त्याच्या कुणीतरी डोक्यात भरवलं असेल, की बाईमाणसाला विचारणं बरं दिसत नाही, घरात कर्ता मुलगा असताना. चांगलाच विचार केला बिचाऱ्यानं."

"तुला होडीत बसलं की ओकारी येते," मी म्हटलं.

"त्याचा काय संबंध?"

संबंध एवढाच की त्याच्या बापानं त्याला दोनदा नेलं आणि दोनदा तो ओकला, आणि हा माझ्या चाकाचा मालक.  पण मला सगळं कळलं होतं, आणि हेच वाईट झालं. त्यानं विचारलं होतं. नीट विचारलं होतं, ताठ उभं राहून, पाय न बदलता. फक्त मला नाही. एका शब्दानं हे मिटलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, मी काही बुळी नाही. "जावईबापू, चुकून दुसऱ्या दारात गेलात," एवढं म्हटलं असतं तर तो माणूस कान धरून पायरीखाली उभा राहिला असता. पण मालकानं तोंडानं सांगायचं नसतं. आणि खरं म्हणजे सांगून मिळालेलं विचारणं मला नको होतं. ज्यानं मला पहिल्यांदा विचारलं, त्यालाच मी दिसेनाशी झाले होते. तो दुसरा कुणी असता तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. रात्रभर विचार करत जागले नाही, मला झोप छान लागते, पण सकाळी दात घासताना मला कळलं काय करायचं ते. मालक येताना दिसला की उसनं घेणारा जागा सोडतो. मग मालकाला होडी हवी.

भंगारवाल्याकडे मचव्याचा एक सांगाडा होता, फळ्यांतून आरपार दिसणारा. "आजी, हे जळणाला द्यायचंय," तो म्हणाला.

"तरंगतं का?"

"उपसत बसलात तर तरंगतं. नाही उपसलं तर नाही."

"तुझ्यासारखंच की. दे."

"कशाला पण?"

"फिरायला जाणार आहे. तुझ्या आईला घेऊन."

तो हसत हसत ओढत घेऊन आला, दुपारी, जावई पाणी घेऊन जहाजांकडे गेला होता तेव्हा. मी स्वतःच्या हातानं कडीत दोर ओवला. डॉक्टरीणबाई आपल्या होडीतून बघत होत्या, मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, जशी मालकीण मान हलवते. मग घरी येऊन खिडकीत बसले. जावई संध्याकाळच्या आधी आला. त्यानं इंजिन बंद केलं, होडी आपली आपण सरकत माझ्या सांगाड्यापर्यंत आली, आणि तो बघत राहिला. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. त्यानं वर, माझ्या खिडकीकडे पाहिलंही नाही. वाकला, बोयाला गुंडाळून ठेवलेला आपला जास्तीचा दोर सोडला, नीट वेटोळं केलं, इंजिन चालू केलं आणि भिंतीबाहेर गेला. एक शब्द नाही, एक शिवी नाही. रीतीप्रमाणे. मला वाटलं होतं मला आनंद होईल, आणि झालाच, पण त्यानं आदळआपट केली असती तर जास्त झाला असता. एवढ्या नीट उठून गेलेल्या माणसाचं काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

काही दिवसांनी लेक आली ती चप्पल न काढताच. "आई, त्या डबड्यासाठी?"

"डबडं माझं आहे."

"बाहेर नांगर धरत नाही, तुला माहितीये. तळ नुसता वाळूचा. वारा सुरू झाला की रोज रात्री तो होडीतच झोपतो, नांगर सरकला तर कळावं म्हणून. त्याला कळतच नाहीये आपलं काय चुकलं. मलाच विचारतो, मी काय केलं गं?"

"मग सांग त्याला."

"मला तरी कुठे माहितीये? दादाला विचारलं होतं त्यानं."

"दादाचा बोया आहे?"

 माझी मुलगी आहे, तिला वेळ लागत नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळं आलं, आणि मला ते आवडलं. ती खाली बसली, माझ्या मांडीवरच्या ताडपत्रीवर हात ठेवून. "मी सांगते त्याला. तो येईल. पण तो आज बाहेर आहे आणि वारा उद्या फिरेल म्हणतायत. तोवर मी विचारते. आई, बांधू का?"

नीट विचारलं होतं. मी दाभणात दोरा ओवत होते, दोरा एका झटक्यात गेला, माझे डोळे अजून असे आहेत. "होडी तुझी आहे का?" मी म्हटलं.

ती उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, "तुझ्यापेक्षा बाबा बरे होते." हे मात्र मला लागलं. लागलं म्हणून मी हसले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे धक्क्यावरच्या मुकादमाची छोटी डोंगी मागून घेतली आणि सांगाडा उपसायला गेले. ते कामच होतं मागे लागलेलं, पत्र्याच्या डब्यानं पाणी काढायचं आणि फळ्यांतून ते परत येताना बघायचं. बुडाला असता तर बंदराच्या कचेरीनं बोया काढून घेतला असता. पण खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटायचं. डबा खाली ठेवून मी दोराला हात लावून बसायची. दोरातून साखळी कळते, साखळीतून खालचं चाक. नुसती एक धीमी ओढ, कुणीतरी गाढ झोपेत तुमचा पदर धरून ठेवावा तशी. वर लोक येतात, जातात, रंग बदलतात, कुणी कुणाला काय म्हणतं, आणि खाली ते गाळात रुतून बसलंय, माझ्या नव्या साडीचा धागा कदाचित अजून त्याच्या दात्यात असेल. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला कुणी विचारत नाही आणि त्याचं काही अडत नाही. त्या दिवशी मी अशी बसले असतानाच पाण्याचा रंग बदलला. शिशासारखा झाला. मी डोंगी वल्हवत धक्क्याला लागले तोवर वारा भिंतीवरून उडी मारून आत आला होता.

वाऱ्यात रीत सैल होते. बाहेरच्या सगळ्या होड्या आत येतात, जो तो दिसेल त्या होडीच्या कुशीला बांधून घेतो, फक्त मालकाला एक शब्द विचारायचा, तोही ओरडून. पायऱ्यांवर गर्दी झाली, जो तो ओरडत होता, "येऊ का?" "ये, ये!" माझ्या सांगाड्याशेजारी जागा मोकळी होती, आतल्या पाण्यातली सगळ्यात चांगली. तिकडे कुणी वळलं नाही. ती कुणासाठी आहे हे सगळ्या बंदराला कळत होतं, त्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा. तो सगळ्यात शेवटी आला. नांगर टिकेपर्यंत बाहेर थांबला असणार. टाकी भरलेली, होडी पाण्यात दबलेली, इंजिन खोकत होतं. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, माझी मुलगी दोर घेऊन उभी, केस तोंडावर. तो सांगाड्यापासून वल्ह्याएवढ्या अंतरावर आला आणि थांबला. हात लांब केला असता तर पोचला असता. लांब केला नाही. मी पायऱ्यांवर उभी होते, माझ्या मागे अख्खा धक्का. त्यानं सुकाणूवरून डोकं वर केलं आणि माझ्याकडे, माझ्याकडेच बघून ओरडला, "आई, जागा तुमची आहे! बांधू का?"

सगळ्यांनी ऐकलं. मी ऐकलं, शब्द न् शब्द. माझ्या तोंडात 'बांधा' तयार होता, मोसम लागल्यापासून घोळवलेला. आणि तो बाहेर येईना. भीतीनं नाही, रागानंही नाही. इतकं गोड वाटलं ना, की एकदाच संपून जाईल असं वाटलं. अजून एकदा हवं होतं. मी कानामागे हात नेला, मान पुढे काढली आणि म्हटलं, "काय?"

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात वाऱ्यानं होडीची नाळ फिरवली. इंजिन एकदा खोकून गप्प झालं. ती जड होडी आडवी झाली आणि घाई न करता, अगदी सावकाश, भिंतीच्या दगडांकडे निघाली. होडी आणि दगड यांच्यामध्ये हात घालायचा नाही, हे माझी मुलगी चालायच्या आधी शिकली होती. तिनं हात घातला. होडी त्याची होती ना. आवाज झाला तो फळीचा होता असं मला वाटलं. ती तशीच उभी राहिली, काही झालंच नाही अशी, आणि मग खाली बसली, हात मांडीत घेऊन, उजवा, ज्यानं गाठी मारायला तिला बापानं शिकवलं होतं. चार माणसं भिंतीवर धावली, टायर खाली सोडले, लाथांनी होडी लोटली. ती परत सांगाड्याजवळ आली. जावयानं बायकोकडे पाहिलं, तिच्या मांडीकडे पाहिलं, आणि मग मान वर करून, त्याच आवाजात, त्याच शब्दांत विचारलं, "आई, जागा तुमची आहे. बांधू का?" इतक्या सगळ्यानंतर. मी म्हटलं, "बांधा." मला वाटतं मी मोठ्यानं म्हटलं. त्यानं आपल्या दोरानं बांधलं, आणि तिला उचलून घेऊन पायऱ्या चढला. माझ्या शेजारून गेला तेव्हा मी बाजूला झाले.

वारा फार होता, लोक म्हणाले. म्हातारीला ऐकू आलं नसेल. मी त्यांना तसं म्हणू दिलं. लेकीची बोटं राहिली, पण मिटत नाहीत, दोर धरता येत नाही, आणि पाण्याच्या होडीला दोन माणसं लागतात. त्यानं ती विकली. दोघं माझ्याकडे राहायला आली, माझ्या मुलाच्या निळ्या खोलीत. आणि मग ते सुरू झालं. पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, पाणी घेऊ का?" मला वाटलं टोमणा आहे. मी तोंडाकडे पाहिलं, तर तिथे टोमणा नव्हता. टोमणा मी अंधारातही ओळखते, माझीच पेठ आहे ती. नुसता प्रश्न होता, आणि ती उत्तराची वाट बघत होती. "घे," मी म्हटलं. "आई, इथे बसू का?" "आई, खिडकी उघडू का?" "आई, निजू का थोडं?" तिचा भाऊ चिडला, म्हणाला, "अगं, घर तुझंच आहे, असं काय करतेस?" ती म्हणाली, "नाही दादा, विचारलेलं बरं." एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, काय करते बघू म्हणून. ती पेला हातात धरून, डाव्या हातात, उभी राहिली. माझा अख्खा काठ शिवून झाला. शेवटी मीच म्हटलं, "घे बाई, घे." तिनं घेतलं, आणि पेला विसळून ठेवू का, म्हणून विचारलं. मला दिवसभर कुणीतरी विचारत होतं. माझ्या तोंडून काय पडतं याच्याकडे कुणीतरी सारखं बघत होतं. मी दुपारची झोपायला लागले, झोप नसताना, डोळे मिटून, आणि पावलं दारापाशी थांबलेली मला कळायची.

बोयाचं भाडं मी भरलं. कारकुनानं वर न बघता पावती फाडली. सांगाडा उपसायला जायचं मात्र जमेनासं झालं, दोराला हात लावला की काही कळत नव्हतं, नुसता ओला दोर.

जावयाला लांब, समुद्राचा वासही पोचत नाही अशा गावात काम मिळालं, नळाच्या टाक्यांवर. हे मला सुनेकडून कळलं. आज दुपारी मी दारात काम घेऊन बसले होते. ती आतून येण्याऐवजी बाहेरून वळसा घालून आली आणि पायरीखाली उभी राहिली. मागे तो, दोन्ही हातांत सामान. ऊन होतं. तिनं पाय बदलले नाहीत. तोंडावरून केस मागे सारले नाहीत. मी काठ संपवायला घेतला, तो संपला, दुसरा घेतला. मग वर पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "आम्ही जाऊ का?"

शब्द पुरे होते. आवाज खाली होता. नजर माझ्या तोंडावर होती. असं विचारणाऱ्याला नाही कसं म्हणतात, ते मला येत नाही. तिलाही माहीत होतं की येत नाही. दाभण कुठेतरी खाली पडला होता, मी तो ताडपत्रीत चाचपत राहिले, आणि तिनं वाट पाहिली, घाई केली नाही, अगदी नीट.

"जा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. चार पावलं गेली, आणि वळून, माझ्या मागच्या उघड्या दाराकडे बघत तिनं विचारलं, "जाताना दार ओढून घेऊ का?"